दरडोई उत्पन्न म्हणजे गोंयकाराच्या खिशातले पैसे नव्हेत

‘दरडोई उत्पन्नात गोवा देशात आघाडीवर, म्हणजे इथे सगळेच सुखवस्तू’ हा समज जुना, पण चुकीचा. राज्यातल्या उत्पादनाला लोकसंख्येने भागून तो आकडा निघतो. वेर्ण्यातल्या कारखान्याचा नफा मुंबईला गेला, तरी हिशेबात तो डिचोलीच्या शेतकऱ्याच्याही वाट्याला येतो. निव्वळ उत्पन्न काढताना यंत्रांची झीज वजा होते, उपसलेल्या लोहखनिजाची मात्र नाही; म्हणजे डोंगर पोखरला की प्रगती!

मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न या तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ घेतो, त्यामुळे एक बाजू लंगडी पडली तर पैसा ती पुरती झाकू शकत नाही. पण हा निर्देशांकही शेवटी सरासरीच. घरागणिक वंचना नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक मोजतो: 12 निकष, प्रत्येकाला ठरावीक वजन (भारांक), आणि वंचित ठरलेल्या निकषांचे वजन एकूण वजनाच्या किमान एक-तृतीयांश भरले तर ते घर गरीब.