आठाचं फॅक्टोरियल उणे कसं आलं?

परवा भाचा लॅपटॉप काखेत मारून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी आला, बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू, "मामा, कॉम्प्युटर चुकायलाय बघ!"

बघतो तर टर्बो सीची, म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, ती निळी स्क्रीन. फॅक्टोरियलचा प्रोग्राम, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. साताचं उत्तर ५०४०, बरोबर. आठाचं यायला पाहिजे ४०३२०, आलंय उणे २५२१६!

कॉम्प्युटर चुकत नव्हता. टर्बो सीत इंटला, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या डब्याला, १६ बिटांचीच (शून्य किंवा एक मावेल अशा १६ घरांचीच) जागा मिळते, त्यात ६५५३६ वेगवेगळे आकडे मावतात, निम्मे उणे बाजूला जातात म्हणून वर फक्त ३२७६७ पर्यंतच जाता येतं, त्याच्या पुढं गेलं की गाडीच्या मीटरसारखं फिरून दुसऱ्या टोकाला, म्हणजे उण्यात. ४०३२० मधून ६५५३६ वजा करा, तोच आकडा येतो.

पायथन या दुसऱ्या भाषेत हेच केलं तर काही होत नाही. विसाचं फॅक्टोरियल १९ आकडी, तेही निवांत येतं, कारण आकडा वाढेल तशी पायथन जागा वाढवत नेतं. मग पोरांना पहिल्यांदा शिकवायचं काय?

माझं मत, सुरुवात पायथनने. सीच्या पहिल्याच तासाला इन्क्लूड, मेन, महिरपी कंस, स्कॅनएफमधला तो अँपरसँड, आणि पोरानं विचारलं की "पुढं कळेल" हेच उत्तर. (मलाही हेच मिळालेलं, आणि पुढं कळायला दोन वर्षं गेली.) त्यापेक्षा आधी लूप कळू दे, फंक्शन कळू दे. पण तिथंच थांबू नका राव. पायथनमध्ये ए ही लिस्ट, म्हणजे आकड्यांची यादी, बी इज इक्वल टू ए लिहिलं आणि बीमध्ये एक आकडा घातला की एमध्येपण दिसतो, कारण लिस्ट एकच आहे, नावं दोन. हे ज्याला मेमरी माहीत नाही त्याला भूतच वाटणार. उद्यमनगरात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) चालवणारा पोरगा आधी साध्या लेथवर बसलेला असला की टूल का तुटलं ते आवाजावरून सांगतो, तसंच आहे हे. दुसऱ्या सेमिस्टरला सी पाहिजेच.

फक्त टर्बो सी नको. सी भाषा १९७२ ची, टर्बो सी १९८७ चा, आणि सीचं स्टँडर्ड आलं १९८९ ला. टर्बो सीतलं क्लिअरस्क्रीन वगैरे स्टँडर्ड सीमध्ये नाहीच, आणि आजच्या विंडोजवर तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस सिस्टिमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, घालून चालवावा लागतो. म्हणजे पोरं सीसोबत डॉसपण शिकायलेत, उगाच.

भाच्याला जीसीसी, म्हणजे सीचा आजचा कंपायलर, टाकून दिलं, इंट मुद्दाम तसाच ठेवला. तिथं इंट ३२ बिटांचा. रात्री मेसेज आला, "मामा आता आठाचं बरोबर आलं, तेराचंपण आलं, १९३२०५३५०४, उणेबिणे काही नाही."

मी एवढंच टाइप केलं, "दहानं गुणलंयस, पाच आणि दोननंपण गुणलंयस, मग शेवटची दोन शून्यं कुठं गेली?"