मर्जीची वेळ, हक्काची रजा

नागपूरच्या एका विडी कारखान्यात कामगार वाटेल तेव्हा येत आणि वाटेल तेव्हा जात. अट एवढीच, की दुपारी बारानंतर आलेल्याला त्या दिवशी काम मिळायचं नाही. मजुरी वळलेल्या विड्यांवर होती, तासांवर नव्हती. काम घरी न्यायला मनाई होती. आठ दिवस न सांगता घरी राहिलं तर नाव कमी व्हायचं, आणि खराब विडी मालक बाजूला काढायचा. या कारखान्यातल्या तिघांनी पंधरा दिवसांची रजा मागितली, ती घेतली आणि परत आल्यावर रजेची मजुरीही मागितली. मालकपक्षानं उत्तर दिलं की ज्याला वेळेचं बंधन नाही तो कायद्यातला कामगारच नव्हे, मग त्याला रजा कसली? हे भांडण ‘बिर्धीचंद शर्मा विरुद्ध फर्स्ट सिव्हिल जज, नागपूर’ या नावानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर १९६० मध्ये निकाल कामगारांच्या बाजूनं लागला.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी आलेली पोरं आणि त्यांच्यामागं राहिलेली ‘फ्लेक्सिबल टायमिंग’ची चर्चा ऐकली की मला हा खटला आठवतो. वेळ आपल्या हाती असेल तर नोकरीचा भरवसा नाही आणि भरवसा हवा असेल तर वेळ दुसऱ्याच्या हाती, हा सौदा विदर्भातल्या खेड्यांना नवा नाही. त्याचं नाव तेवढं नवं आहे.

सालदारापासून सुरुवात करू. पाडव्याला साल ठरायचं, काही गावांत अजूनही ठरतं. वर्षाची रोख रक्कम, वर ज्वारी, जमलं तर कपड्याचा जोड, आणि आधी घेतलेली उचल वळती. वर्षभर घरात चूल पेटेल याची शाश्वती सालदाराला असायची, वेळ मात्र त्याची नसायची. पहाटे बैलांचा चारापाणी, दिवसभर वावर, हरभऱ्याला पाणी असलं तर रात्रीचं ओलीत, पीक हाती येताना जागल. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्यांचा हिशेब पुढच्या पाडव्याला. पोळ्याला बैल सजवून नेले की मिळणारा बोजारा, म्हणजे बक्षिसी, मात्र त्याच्या एकट्याचा. सालाच्या या व्यवस्थेचं ‘घरच्यासारखं नातं’ म्हणून कौतुक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती बहुतेक सालदार ठेवणाऱ्या घरातली होती. उचलीपायी माणूस वर्षानुवर्षं एकाच दारात अडकायचा. कर्जापोटी माणूस राबवून घेणं कायद्यानं बंद झालं ते १९७६ मध्ये, वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं.

रोजदार बाईचं गणित याच्या उलटं. आज जमत नाही म्हणायला ती मोकळी, पण पाऊस चार दिवस लागून राहिला तर चार दिवस मजुरी नाही. गुत्ता हा यातला मधला रस्ता. आठ-दहा बाया मिळून अख्ख्या वावराचं निंदण ठरलेल्या पैशात घेतात, उजाडता लागतात आणि ऊन चढायच्या आत मोकळ्या होतात. मग घरचं आटोपून दुपारी दुसरीकडं जातात. वेळेवरचा हा ताबा त्यांनी स्वतः मिळवलेला आहे, कोणी दिलेला नाही. त्याची किंमतही त्याच देतात, कारण गुत्त्यात दम घ्यायला थांबलं तर नुकसान आपलंच. वेचणीत तर वेळ ठरवायला बाई नाही नि मालकही नाही. बोंडावरचं दव उतरल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही, आणि संध्याकाळी काट्यावर जेवढे किलो भरतील तेवढे पैसे.

घड्याळ इथं आलं ते कापसाच्या मागोमाग. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडात रेल्वेच्या कडेनं सरक्या काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. एम्प्रेस मिलनं पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधी कायद्याची वाट न पाहता सुरू केले, हे तिच्या श्रेयात लिहायलाच हवं. पण ती सोय शहरातल्या बारमाही गिरणीत. खेड्यातला माणूस जायचा तो जिनात, आणि जिन चालायचे कापूस असेपर्यंत. १९३४ च्या कारखाना कायद्यानं हा फरक कागदावरच आणला: बारमाही कारखान्यात दिवसाला १० तास, आठवड्याला ५४, हंगामी कारखान्यात ११ तास, आठवड्याला ६०. ज्याची नोकरी चार-पाच महिन्यांची, त्याचाच दिवस लांब. हंगाम सरला की तो परत वावरात.

विडीनं मात्र वेगळाच पेच उभा केला. भंडारा, गोंदिया, कामठी या पट्ट्यात तेंदूपान जवळ, आणि काम असं की सूप, कात्री नि तंबाखू मिळाली की ओट्यावर बसून होतं. पोर झोपलं की शंभर विड्या, भात शिजेपर्यंत आणखी पन्नास. सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा ठेकेदार, पानं-तंबाखू देणार आणि तयार विड्या मोजून नेणार. बाईला वेळ घरात राहून वापरता येत होती, पण तिचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नव्हतं.

शेतमालकांना हेही खुपत होतं, कारण ऐन निंदणात मजूर विड्या वळत घरी बसायचे. म्हणून मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनं १९४८ मध्ये कायदाच केला. जिल्हाधिकाऱ्यानं शेतीचा हंगाम म्हणून जाहीर केलेल्या काळात, ठरवलेल्या गावांत कोणीही विडी वळायची नाही. माणसानं कोणतं काम कधी करावं हे सरकारनं इतक्या उघडपणे ठरवल्याची उदाहरणं फार नाहीत. सागर जिल्ह्यातल्या अशा हुकुमाविरुद्ध विडी कारखानदार चिंतामणराव यांनी दाद मागितली आणि नोव्हेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली. कारण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. म्हातारी, अपंग, आजारी माणसं वावरात राबू शकत नाहीत, त्यांची पोटाची सोय विडीवर आहे आणि ही बंदी त्यांनाही उपाशी ठेवते. न्यायालयानं हेही सुचवलं की बंदीऐवजी कामाच्या तासांचं नियमन केलं असतं तर ते कदाचित चाललं असतं.

दहा वर्षांनी नागपूरचं प्रकरण आलं. येण्याजाण्याची मोकळीक असली तरी बारानंतर काम नाही, गैरहजेरीवर नाव कमी, माल नाकारायचा हक्क मालकाकडे; एवढं नियंत्रण असलं की माणूस कामगारच, असं न्यायालयानं म्हटलं. मजुरी नगावर आहे म्हणून किंवा तास ठरलेले नाहीत म्हणून रजेचा हक्क जात नाही. कामगारांना वाटलं असेल, सुटलो. पण पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, ‘शंकर बालाजी वाजे’ खटल्यात त्याच न्यायालयानं बहुमतानं उलटा निकाल दिला. तिथल्या कामगारावर यायचं-जायचं बंधनच नव्हतं, म्हणून तो कायद्यातला कामगार नाही आणि त्याला रजेचा हक्क नाही. दोन्हीकडं विड्याच, मजुरी नगावरच. फरक काय, तर एकाला बारा वाजताचा उंबरा होता आणि दुसऱ्याला तोही नव्हता. मोकळीक जितकी जास्त तितका हक्क कमी, हे समीकरण इतकं स्वच्छ मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

ते मोडायला संसदेला यावं लागलं. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी पानं नेऊन विड्या वळणाऱ्यालाही कामगार म्हटलं आणि कामाच्या वीस दिवसांमागं एक दिवस पगारी रजा ठेवली. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू असल्याचं मान्य केलं. आधार पुन्हा तोच, की माल नाकारायचा हक्क ज्याच्याकडं त्याचं नियंत्रण आहे, मग काम ओट्यावर होवो की कारखान्यात. आपल्या सोयीनं काम आणि त्याला म्हातारपणीचा निधी, हे एका बाईच्या पदरात कायद्यानं असं पहिल्यांदा पडलं. प्रत्यक्षात सट्टेदार पासबुकावर बाईचं नाव लिहील की नवऱ्याचं, की लिहिणारच नाही, हा वेगळा प्रश्न. तोवर धंदाही उतरणीला लागला होता.

रोजगार हमीनं दुसरा तुकडा जोडला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची कल्पना राज्यभर आली, तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदकडचे वसंतराव नाईक. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर, म्हणून उन्हाळ्यात बाया चांदणं असतानाच बांधावर पोचायच्या आणि दहापर्यंत आपलं माप पुरं करून परतायच्या. इथं हमी आणि वेळ बऱ्यापैकी एकत्र नांदली. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानंतरही ती रीत चालू होती. मग १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सगळ्या कामांवर सक्तीची झाली. खोटी मस्टरं थांबावीत हा हेतू खरा आणि त्याची गरजही होती. पण माप दहाला पुरं झालेली बाई आता दुसऱ्या फोटोसाठी बाभळीखाली बसून राहते. घरी दूध काढायचं राहिलेलं असतं.

अंगणवाडी आणि आशा यांचं प्रकरण शब्दावर अडलेलं आहे. त्यांना मिळतो तो पगार नाही. अंगणवाडी ताईला मानधन, आशाला कामागणिक मोबदला. मराठीत मानधन वक्त्याला देतात, कीर्तनकाराला देतात. रोज सकाळी केंद्राचं कुलूप उघडणाऱ्या बाईलाही तेच. अर्धवेळ सेवा आहे, उरलेला वेळ तुमचा, हा त्यामागचा युक्तिवाद. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत असं म्हटलं. एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातमधल्या मणिबेन भरिया यांच्या खटल्यात, त्याच न्यायालयानं हे अर्धवेळ काम आहे हे म्हणणं फेटाळलं आणि सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला. म्हणजे १९६० चाच प्रश्न बासष्ट वर्षांनी.

आमच्याकडची एक सेविका दुपारी केंद्र बंद करून घरी येते. उरलेला वेळ कागदोपत्री तिचा असतो. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरावी लागते आणि गावात रेंज येते ती तिच्या घराच्या माळवदावर, तीही जेवणाच्या सुमाराला. तेव्हा ती मोबाईल घेऊन वर आणि खाली सासू भाकरी थापते. आठवड्यातले काही दिवस कृषिपंपाची लाईन रात्रीची असते, त्या दिवशी नवरा बॅटरी घेऊन वावरात. त्याच घरातला पुतण्या आतल्या खोलीत कोण्या कंपनीचं काम करतो. त्याच्या करारात तो ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहे, रजा नाही, निधी नाही, वेळ त्याची. त्याला मी विडीवाल्यांची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, ‘काका, खराब काम परत करायचा हक्क त्यायच्याकडं होता म्हणता ना? तो तर आमच्या कंपनीकडबी हाय.’