रिसॉर्ट फी, पार्किंग आणि पहिल्या आकड्याचा वाद

हॉटेलच्या खोलीचा भाव कसा दाखवायचा, याबद्दलचा नवा केंद्रीय नियम अमेरिकेत १२ मे २०२५ पासून लागू झाला. सरकारी कर सोडून ग्राहकाला टाळता न येणारी प्रत्येक रक्कम पहिल्या भावातच धरायची आणि ती बेरीज इतर कोणत्याही आकड्यापेक्षा ठळक दाखवायची, असं हा नियम सांगतो. ही बातमी वाचून रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या भाड्याशिवाय हॉटेल रोज सक्तीने घेतं ती वेगळी रक्कम, बंद झाली असा कोणाचाही समज होईल. पण फी बंद झालेली नाही. तिच्या रकमेला मर्यादा घातलेली नाही आणि ती खोलीच्या भाड्यात मिसळून टाका असंही हॉटेलांना सांगितलेलं नाही. फी घ्या, पण आधी दाखवा, एवढंच ठरलं. पार्किंग तर बहुतेक ठिकाणी या हिशोबाच्या बाहेरच राहिलं.

इतक्या वर्षांच्या ओरडीनंतर हाती एवढंच का आलं, याचं उत्तर बरंचसं २०१२ मध्ये सापडतं. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल.

ही फी १९९०च्या दशकाच्या शेवटी आली, तेव्हा तिच्यामागे निदान सांगण्यासारखं कारण होतं. समुद्रकाठच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये छत्री, खुर्ची, टेनिस कोर्ट, जिम अशा प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे पडत. त्याऐवजी रोजची एकच रक्कम घ्यायची, अशी कल्पना होती. कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये विजेचं संकट आलं, तेव्हा हॉटेलांनी रोजचा दोन-तीन डॉलरचा ऊर्जा अधिभार लावला. पाहुण्यांना तो बहुतेक वेळा बिल हातात पडल्यावरच कळायचा. लोक न्यायालयात गेले आणि तो अधिभार मागे पडला. रिसॉर्ट फी मात्र टिकली, कारण तिच्या बदल्यात काहीतरी मिळतं असं म्हणता येत होतं.

ते ‘काहीतरी’ जवळून पाहण्यासारखं आहे. लास वेगासमधल्या हॉटेलांच्या याद्यांत वर्षानुवर्षं तेच ते दिसतं: खोलीतलं इंटरनेट, स्थानिक फोन, जिमचा वापर, विमानाचा बोर्डिंग पास छापून घेण्याची सोय. कुठे पाण्याच्या दोन बाटल्या, कुठे सकाळचं वर्तमानपत्र. यातलं काहीही वापरलं नाही तरी फी द्यावीच लागते. ‘मला हे नको’ म्हणायची सोय नाही. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीनंतर हॉटेलं उघडली तेव्हा बऱ्याच ठिकाणी जिम आणि पूल बंद होते, फी मात्र चालूच होती. सोयींच्या बदल्यात पैसे हा युक्तिवाद तिथेच संपायला हवा होता, असं मला वाटतं.

फी फोफावली ती मंदीत. लास वेगासमधल्या खोलीचं सरासरी भाडं २००७ मध्ये १३२ डॉलर होतं, ते २००९ मध्ये ९३ डॉलरवर आलं. त्याच काळात लोक खोली शोधायला बुकिंगच्या संकेतस्थळांवर जायला लागले होते आणि तिथली यादी भावाप्रमाणे लागते. ज्याचा आकडा लहान त्याचं नाव वर. शिवाय दलालाला कमिशन द्यायचं ते खोलीच्या भाड्यावर, फीवर सहसा नाही. म्हणजे भाडं वीस डॉलरने उतरवून फी वीस डॉलरने चढवली, की पाहुण्याच्या खिशातून जातात तेवढेच पैसे, पण हॉटेल यादीत वर चढतं आणि कमिशनही वाचतं. यात कोणाचाही दुष्टपणा लागत नाही, गणित पुरेसं आहे. स्ट्रिपवरच्या, म्हणजे लास वेगासमधल्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरच्या, एका मोठ्या कंपनीने काही वर्षं ‘आमच्याकडे रिसॉर्ट फी नाही’ अशी जाहिरात केली. मार्च २०१३ मध्ये तिनेही फी सुरू केली. प्रामाणिक भाव दाखवणारा यादीत महाग दिसतो, हे या एका उदाहरणावरून पुरतं कळतं.

आता २०१२.

त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेत विमानभाड्याचा नियम बदलला. विमान कंपनीने जाहिरातीत दाखवलेल्या भाड्यात सगळे कर आणि टाळता न येणारे आकार धरलेच पाहिजेत, असं वाहतूक खात्याने बंधनकारक केलं. कंपन्यांनी विरोध केला, न्यायालयात गेल्या, पण नियम टिकला. आज अमेरिकेत विमानाचं तिकीट शोधताना करासह आकडा दिसतो तो त्यामुळे. हॉटेलं मात्र त्या खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत. ती येतात ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे. एकाच सहलीच्या एकाच बुकिंगमध्ये विमानाचा भाव एका कायद्याने आणि खोलीचा भाव दुसऱ्या कायद्याने दिसायला लागला.

आयोगाने मे २०१२ मध्ये वॉशिंग्टनला या विषयावर परिषद भरवली. ‘ड्रिप प्रायसिंग’ हा शब्द तिथे केंद्रस्थानी होता: आधी किमतीचा एक तुकडा दाखवायचा आणि ग्राहक खरेदीच्या पायऱ्या चढत जाईल तसे बाकीचे तुकडे थेंबाथेंबाने पुढे करायचे. नोव्हेंबरमध्ये आयोगाने २२ हॉटेल कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. बारीक अक्षरांत ‘इतर आकार लागू होऊ शकतात’ असं लिहून ठेवणं पुरेसं नाही, तुमच्या संकेतस्थळावर दाखवलेला खर्चाचा अंदाज ग्राहकाची दिशाभूल करणारा असू शकतो, असा त्या पत्रांचा आशय होता. अंदाजात टाळता न येणारी फी धरावी आणि एकूण आकडा सर्वात ठळक असावा, असंही त्यात होतं. कंपन्यांची नावं आयोगाने जाहीर केली नाहीत.

वादाची खरी जागा ही पत्रं आहेत. कागदावर ती बरोबर होती. पण तो इशारा होता, नियम नव्हता. शिवाय एकूण आकडा ठळक हवा हे सांगताना तो कोणत्या पायरीवर हवा, हे नेमकं बांधून घातलं गेलं नाही. हॉटेलांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला. शोधाच्या यादीत नुसतं भाडं राहिलं. हॉटेल निवडलं, तारखा टाकल्या, खोलीचा प्रकार ठरवला, नाव-पत्ता भरला की मग फीसह बेरीज समोर यायची. फसवणूक झाली असं म्हणायला जागा उरली नाही, कारण कार्डाचा नंबर देण्याआधी आकडा दाखवलेला असायचा. पण तोवर माणसाने अर्धा तास घालवलेला असतो, मुलांना पूलचे फोटो दाखवून झालेले असतात. दुसऱ्या हॉटेलची तुलना करायची तर सगळं पहिल्यापासून, आणि तिथेही शेवटच्या पानाशिवाय खरा आकडा दिसणार नाही. पत्रांमागोमाग खटले आले नाहीत. पुढची काही वर्षं उद्योगात हा जणू परवानाच समजला गेला: शेवटी दाखवलं की भागलं.

जानेवारी २०१७ मध्ये आयोगाच्याच अर्थशास्त्र विभागाचा अहवाल आला. एकूण किंमत आधी न सांगता बंधनकारक फी वेगळी दाखवण्याने ग्राहकाचा शोधाचा खर्च आणि डोक्यावरचा ताण वाढतो आणि त्यामुळे नुकसान होण्याचा संभव आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. एकूण आकडा आधी दाखवून साधता येणार नाही असा कोणताही फायदा वेगळ्या फीमुळे ग्राहकाला मिळत नाही, हेही त्यात म्हटलं होतं. म्हणजे २०१२ च्या तडजोडीतली चूक घरातल्याच माणसांनी दाखवली होती. त्यावर नियम यायला तरीही जवळपास आठ वर्षं लागली.

मधल्या काळात फीने नाव बदललं. २०१७ च्या सुमारास न्यूयॉर्कसारख्या शहरांत, जिथे पूल नाही की किनारा नाही, तिथे तीच रक्कम ‘डेस्टिनेशन फी’ झाली. कुठे ‘अर्बन फी’, कुठे ‘फॅसिलिटी फी’, कुठे ‘अमेनिटी फी’. रिसॉर्ट नसलेल्या हॉटेलला रिसॉर्ट फी म्हणणं शोभत नव्हतं, एवढाच या नावांचा अर्थ. काही ठिकाणी बदल्यात बारमध्ये किंवा हॉटेलच्या उपाहारगृहात खर्चायला रोज ठरावीक रक्कम मिळते, पण त्या दिवशी वापरली नाही तर ती बुडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं: जी हॉटेलं रिसॉर्टही नाहीत तीसुद्धा रात्रीला ९० डॉलरपर्यंत अशी फी लावतात.

तोवर राज्यं पुढे सरकली होती. जुलै २०१९ मध्ये राजधानी वॉशिंग्टन आणि नेब्रास्का यांच्या महाधिवक्त्यांनी दोन मोठ्या हॉटेल साखळ्यांवर वेगवेगळे दावे लावले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाने एका साखळीकडून पहिल्याच पानावर एकूण आकडा दाखवण्याचं मान्य करून घेतलं, २०२३ मध्ये टेक्ससनेही तेच केलं. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, मिनेसोटाचा १ जानेवारी २०२५ ला. केंद्रीय आयोगाने २०२३ च्या शरद ऋतूत मांडलेला मसुदा जवळजवळ सगळ्या व्यवसायांना लागू होणारा होता. १७ डिसेंबर २०२४ ला जो अंतिम झाला तो फक्त मुक्कामाच्या जागा आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांची तिकिटं यांच्यापुरता उरला.

पार्किंगची कथा वेगळी सुरू झाली आणि तिला राग जास्त चिकटला आहे. लास वेगासची स्ट्रिप जन्मालाच आली गाड्यांमुळे. तिथलं पहिलं हॉटेल १९४१ मध्ये लॉस एंजेलिसहून येणाऱ्या महामार्गालगत उभं राहिलं, ते रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारवाल्यांना आत ओढण्यासाठी. गाडी फुकट लावा आणि आत या, हा तिथला अलिखित करार होता आणि तो पंच्याहत्तर वर्षं पाळला गेला. जून २०१६ मध्ये स्ट्रिपवरच्या सर्वात मोठ्या कंपनीने तो मोडला. पहिला तास फुकट, पुढे दिवसाला जास्तीत जास्त १० डॉलर. कारण दिलं गेलं ते ५.४ कोटी डॉलर खर्चून बांधायच्या ३,००० गाड्यांच्या नव्या इमारतीचं आणि बाकीच्या सुधारणांचं. वर्षभरात इतर काहींनीही तेच केलं. एकाने लावलं नसतं तर दुसऱ्याने लावलं नसतं, हे फीच्या बाबतीत जितकं खरं तितकंच इथेही. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये हॉटेलं पुन्हा उघडताना त्या कंपनीने पार्किंग फुकट केलं, आणि गर्दी परतताच जून २०२१ मध्ये दर पुन्हा लावले.

ऑर्लँडोत मार्च २०१८ मध्ये तिथल्या सर्वात मोठ्या थीम पार्कच्या हॉटेलांनी मुक्कामी पाहुण्यांकडून रात्रीच्या पार्किंगचे पैसे घ्यायला सुरुवात केली: हॉटेलच्या दर्जाप्रमाणे १३, १९ किंवा २४ डॉलर. लोक पाच वर्षं कुरकुरत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ते पैसे बंद झाले. ही सगळी कहाणी फक्त वर जाणाऱ्या आकड्यांची नाही, एवढ्यासाठी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

कायद्याच्या दृष्टीने पार्किंग बहुतेक वेळा ‘ऐच्छिक’ ठरतं. गाडी आणली नाही तर पैसे नाहीत, म्हणून ते पहिल्या भावात धरायची सक्ती नाही. विमानाने येणाऱ्याला हे बरोबर वाटेल. लॉस एंजेलिसहून चारशे तीस किलोमीटर गाडी चालवत, मागच्या सीटवर मुलं आणि डिकीत सामान घेऊन आलेल्या कुटुंबाने ती गाडी कुठे ठेवायची? हवाईतल्या माउई बेटावर भाड्याची गाडी घेतल्याशिवाय फिरता येत नाही म्हटलं तरी चालेल, तिथे ऐच्छिक म्हणजे काय? गाडीशिवाय जिथे पोहोचताच येत नाही अशा हॉटेलचं पार्किंग आणि शहराच्या मधोमध मेट्रोच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलचं पार्किंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमातल्या एका शब्दाने त्या एक केल्या आहेत, आणि २०१२ च्या पत्रांतल्या सैल जागेसारखीच ही सैल जागाही वापरली जाणार.

२०२५ च्या उन्हाळ्यात लास वेगासची गर्दी घटली. जूनमधले पर्यटक आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा ११.३ टक्क्यांनी कमी होते. परदेशी पाहुणे, विशेषतः कॅनडाचे, कमी आले हे त्यातलं मोठं कारण, आणि सगळं खापर फीवर फोडणं बरोबर होणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात स्ट्रिपच्या उत्तर टोकाच्या एका मोठ्या हॉटेलने काही काळापुरती रिसॉर्ट फी सोडून दिली आणि पार्किंगही फुकट केलं. लोक कशाने वैतागले आहेत हे हॉटेलांना कळतं, याला आणखी पुरावा नको.

समजा, स्ट्रिपवर आठवड्याच्या मधल्या दिवशी ३९ डॉलरची खोली आहे. रिसॉर्ट फी ४५ डॉलर, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त, आणि आता हे दुर्मीळ नाही. दोन्हींवर १३.३८ टक्के खोलीकर लागतो, हो, फीवरही, म्हणजे ११.२४ डॉलर. पार्किंगचे २० धरले तर रात्रीचे ११५.२४ डॉलर. जुन्या पद्धतीत पहिल्या पानावर ३९ दिसायचे. नव्या नियमाप्रमाणे ८४ दिसतात. उरलेले ३१.२४ डॉलर, म्हणजे कर आणि गाडी, अजूनही नंतरच्या पानावर किंवा गाडी गॅरेजमध्ये शिरताना समोर येतात.