काळ्या दिसणाऱ्या लाल विजारी

ऑगस्ट १९१४मधला एक कृष्णधवल फोटो मी संगणकावर रंगवायला घेतला होता. फ्रेंच पायदळाची तुकडी आघाडीवर निघालेली, बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचलेली. कोट मध्यम करडे आणि विजारी जवळजवळ काळ्या. मी विजारींना गडद निळा रंग दिला, कोटांना त्याहून फिका. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग लष्करी गणवेशांबद्दल वाचताना कळलं, त्या विजारी चक्क लाल होत्या.

लाल रंग इतका काळा कसा झाला, हे कळलं त्या दिवसापासून या छंदात मी खरा गुंतलो.

त्या काळच्या काचेवर किंवा फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडच्या बारीक स्फटिकांचा थर असे. प्रकाशकण स्फटिकावर आदळला की आतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि तिथून प्रतिमा घडायला लागते. पण इलेक्ट्रॉन सोडवायला पुरेशी ऊर्जा लागते. ती निळ्या-जांभळ्या प्रकाशकणात असते, लाल प्रकाशकणात नसते. फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच कारणानं. १८७३मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळलं, की या थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर त्याला हिरवा प्रकाशही जाणवू लागतो. यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. लालसुद्धा टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६पासून मिळू लागल्या, तरी पहिल्या महायुद्धातले बहुतेक फोटो लाल न दिसणाऱ्या काचांवर आणि फिल्मवरच घेतले गेले.

म्हणून त्या फोटोंत आकाश पांढरंफटक असतं, ओठ काळसर असतात आणि निळे डोळे भुतासारखे फिके. फ्रेंच झेंड्याचा निळा पट्टा जवळजवळ पांढऱ्यात मिसळतो, लाल पट्टा काळा पडतो. फोटोत कुठे झेंडा किंवा पदकाची फीत सापडली, तर मी आधी तीच मोठी करून पाहतो. तिचे रंग आपल्याला ठाऊक असतात. त्यावरून ती काच कोणता रंग कसा दाखवते, याचा अंदाज बांधता येतो.

रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण वेगळ्या लेअरवर रंग भरतो. तो लेअर ‘कलर’ मोडवर ठेवला की रंगछटा आपली येते, उजळपणा मात्र मूळ फोटोचाच राहतो. म्हणजे काळ्या विजारीवर शुद्ध लाल रंग फिरवला तरी हाती येतो जांभळाच्या सालीसारखा रंग. खरा लाल हवा असेल तर तिथला उजळपणाही वाढवावा लागतो. माझ्या मते या छंदातली सगळ्यात जोखमीची पायरी हीच. रंग चढवणं म्हणजे फोटोवर पारदर्शक कागद ठेवण्यासारखं आहे. उजळपणा बदलला की काचेनं जे नोंदवलं त्यालाच आपण हात घालतो. मी तो बदल करतो, पण तो किती आणि का केला हे लिहून ठेवतो आणि मूळ फोटो नेहमी शेजारी दाखवतो.

आपोआप रंगवणारे प्रोग्रॅम नेमके इथेच अडखळतात. २०१६मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक फोटोंवर एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, शिकवलं. शक्य रंगांची सरासरी काढली की सगळं मातकट होतं, म्हणून त्यांनी रंगांचे ३१३ कप्पे केले आणि प्रत्येक ठिकाणी कोणता कप्पा संभवतो हे नेटवर्कला ठरवायला लावलं. युक्ती सुंदर आहे. पण उजळपणा इथेही मूळ फोटोचाच वापरला जातो. शिवाय पुरुषांच्या गडद विजारी आजच्या फोटोंत काळ्या, निळ्या नाहीतर तपकिरी असतात. १९१४च्या फ्रान्सची ओळख प्रोग्रॅमला असणार कुठून?

त्या लाल रंगाची कहाणी आणखी पुढे जाते. पूर्वी तो गरान्स नावाच्या झाडाच्या मुळांतून काढत. आपली मंजिष्ठा त्याच कुळातली. १८६९च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं अलिझरीन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवलं, आणि मग फ्रेंच सैनिकांच्या विजारींचा लाल रंग जर्मनीतून येऊ लागला! जुलै १९१४मध्ये फ्रान्सनं निळे, पांढरे आणि लाल धागे मिसळून नवं कापड विणायचं ठरवलं. महिन्याभरात युद्ध पेटलं, जर्मन रंग बंद झाला, लाल धागा गळाला आणि उरला तो फिकट निळा, ‘क्षितिज-निळा’. हा गणवेश जुन्या फोटोंत खऱ्याहून उजळ दिसतो. लाल विजारीच्या अगदी उलट.

या निळ्याची पडताळणी करायला खरे रंगीत फोटो उपलब्ध आहेत. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच १९०७मध्ये बाजारात आली होती. बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरवे आणि जांभळट कण तिच्यावर पसरलेले असत आणि त्यांतून गाळून प्रकाश आत जाई. १९१७मध्ये फ्रेंच सैन्याच्या छायाचित्र विभागासाठी फेर्नां क्युव्हिल आणि पॉल कास्तेल्नो यांनी अशा काचांवर आघाडीमागचं जग टिपलं. एक्स्पोजरला काही सेकंद लागत, त्यामुळे त्यांत लढाई नाही. बसलेले, जेवणारे, थांबलेले सैनिक आहेत. त्यांच्या कोटांचा निळा प्रत्येक फोटोत वेगळा, कारण कापड उन्हानं विटतं आणि चिखल सुकतो. एकच ‘अचूक’ छटा शोधत बसण्याचा माझा हट्ट हे फोटो पाहून सुटला.

सध्या समोर फ्रान्समधल्या हिंदी फौजेचा फोटो आहे. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या तिथे होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ला नव्ह शापेल या गावावरच्या हल्ल्यात त्यांची फार मोठी हानी झाली. माझ्या फोटोतली माणसं कुठल्या पलटणीची, हे फोटोवर लिहिलेलं नाही. त्यांची खाकी पिवळसर, म्हणजे या काचेवर खऱ्याहून गडद उमटलेली. उजवीकडे एक फ्रेंच शिपाई उभा आहे, त्याची विजार काळी दिसते. तिला मी आधी लाल करून घेतली आहे. ती जितकी उजळावी लागली, त्यावरून आता खाकी किती उजळायची ते ठरवतो आहे. पगड्यांना अजून हात लावलेला नाही.