अविज्ञात गर्भ: 'भ्रूणहत्या' या शब्दामागचा इतिहास

सोनोग्राफी सेंटरात नंबर यायची वाट बघत बसलं की समोरची पाटी पाठ होते. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' शेजारी बहुधा एखादं पोस्टर असतं. पोटातली मुलगी आईला विनवते आहे, 'मला जगू दे', आणि खाली ठळक अक्षरांत 'स्त्रीभ्रूणहत्या महापाप'. पाटीवरचं वाक्य 1994 च्या कायद्यातून आलेलं, तर पोस्टरवरचा शब्द दोन हजार वर्षांच्या धर्मशास्त्रातून. बाकावर बसलेली बाई दोन्ही एकत्र वाचते आणि तिला एकच कळतं, की पोट पाडणं हा गुन्हा आहे. खरं तर भारतात 1 एप्रिल 1972 पासून ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे. तिची समजूत चुकीची आहे, पण त्यात तिचा दोष फारसा नाही.

आधी तो शब्दच बघू. 'भ्रूणहा' म्हणजे कोण हे वसिष्ठ धर्मसूत्रात सांगितलंय. ब्राह्मणाला मारणारा तो भ्रूणहा, आणि 'अविज्ञात' गर्भ मारणाराही. अविज्ञात म्हणजे मुलगा की मुलगी हे अजून कळलेलं नाही असा. सूत्रकार कारणही लपवत नाही: अविज्ञात गर्भ पुरुष होतात, म्हणून तर पुत्रासाठी होम करतात. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही अविज्ञात गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचंच प्रायश्चित्त आहे. सगळेच ग्रंथ अशी अट घालतात असं मात्र नाही. स्त्रीला पतित करणाऱ्या गोष्टी मोजताना याज्ञवल्क्य गर्भपाताचं नाव घेतो, तेव्हा तो मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. पण पापाची जी सर्वांत मोठी पायरी होती, तिच्यात गर्भ मुलगा असण्याच्या शक्यतेचा वाटा मोठा होता. मुलीला वाचवण्यासाठी हाच शब्द भिंतीवर रंगवणाऱ्यांना हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

जीव नेमका कधी येतो, या प्रश्नालाही परंपरेत एकच उत्तर नाही. शुक्र (पुरुषाचं बीज), शोणित (बाईचं रज) आणि जीव कुशीत एकत्र आले की त्याला गर्भ म्हणायचं, असं चरक म्हणतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून. गर्भोपनिषद जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगतं. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईला दोन हृदयांची, 'दौहृदिनी' म्हणायचं. आपले डोहाळे याच कुळातले. हाच सुश्रुत अडलेल्या बाळंतपणाबद्दल वैद्याला बजावतो, की जिवंत गर्भाला शस्त्र लावू नये, त्याने आईही दगावते. पण गर्भ मेलेला असेल तर क्षणभरही थांबू नये.

हा चौथा महिना बाहेरच्या धर्मांतही भेटतो. इस्लाममध्ये गर्भात रूह म्हणजे आत्मा फुंकला जातो तो 120 दिवसांनी असं मानतात, आणि हनफी पंथाच्या फकिहांपैकी, म्हणजे धर्मशास्त्र्यांपैकी, अनेकांनी त्याआधी सबळ कारण असल्यास सवलत दिली आहे. कॅथलिक चर्चमध्येही आत्मा आलेला गर्भ आणि न आलेला गर्भ असा भेद शतकानुशतकं चालत होता. शिक्षेपुरता तो भेद 1869 मध्ये पोप नववे पायस यांनी मोडीत काढला. इंग्रजी कायद्यात बाईला पोटात पहिली हालचाल जाणवणं हीच मोठी रेघ होती.

ती रेघ बोटीतून आपल्याकडे आली. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 312 मध्ये गर्भपात करवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आणि हालचाल सुरू झाल्यानंतर केला तर सात. सुटका एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेला असला तर. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईही याच कलमात. भाषा थोडी बदलून ते आज भारतीय न्याय संहितेत कलम 88 म्हणून बसलेलं आहे. तोवर पापाला प्रायश्चित्त होतं आणि ते जात ठरवायची. आता गुन्ह्याला तुरुंग आला.

या दोन्हींच्या कचाट्यात पहिली सापडली ती विधवा. 1856 मध्ये पुनर्विवाहाचा कायदा झाला होता, पण तो वापरतो कोण? बालविधवेचं केशवपन करून तिला माजघरात ठेवायचं, घरातल्याच कुणी तिचा फायदा घ्यायचा, दिवस गेले की कुणीतरी आणून दिलेलं काहीबाही तिला प्यायला लावायचं. गर्भ पडला तर बोभाटा होत नसे. नाही पडला, तर विहीर.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तशी पत्रकं लावली: इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर इथेच ठेवा. मात्र या गृहाबद्दलची एक गोष्ट कमी सांगितली जाते. समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणावर जोतीरावांनी 4 डिसेंबर 1884 रोजी अभिप्राय लिहिला, त्यात त्यांनी हिशेब दिलाय. तोवर 35 गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांची मुलं जगली पाच. बाकी तीस गेली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतली असणार आणि त्यांनी पोटातच मुलांना इजा केली होती. म्हणजे बायका गृहात पोचत होत्या त्या सगळे उपाय करून हरल्यावर. फुल्यांनी दोष त्या बायकांना दिला नाही, त्यांना तिथवर ढकलणाऱ्या सक्तीच्या वैधव्याला दिला.

1875 मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात असंच गृह निघालं, ते पुढे प्रार्थना समाजाने चालवलं. जागा अचूक होती. वारीच्या निमित्ताने विधवांना पंढरपुरात आणून सोडणं सोपं असे.

1881 मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली आणि नंतर आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीच्या चारित्र्यावर अग्रलेख झोडले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी त्यावर 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारलं, की हे सगळे दुर्गुण बायकांतच भरलेत का, आणि पुरुष त्यातून कसे सुटतात. गर्भात जीव कधी येतो, याचा या सगळ्या वादात कुणी उच्चारही केलेला नाही. वाद होता अब्रूचा.

विसाव्या शतकात अब्रू मागे पडली आणि लोकसंख्या पुढे आली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे त्यांना मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातल्या नोकरीला मुकावं लागलं. 1935 च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या, आणि संयमावर ठाम असलेले गांधीजी कृत्रिम साधनं मानायला तयार झाले नाहीत. तेव्हा भांडण साधनांवरच अडलेलं होतं, गर्भपातापर्यंत पोचलंच नव्हतं.

ते पोचलं 1964 मध्ये, आणि महाराष्ट्राच्याच वाटेने. केंद्राने राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 1966 च्या डिसेंबरात आला. 50 कोटी लोकसंख्येमागे वर्षाला 39 लाख गर्भ मुद्दाम पाडले जातात, असा तिचा अंदाज होता. अंदाज ढोबळच, पण त्यामागचं चित्र प्रत्येक सरकारी दवाखान्याला माहीत होतं: काडी घालून घेतलेली, सेप्टिक होऊन आलेली, बहुतेक वेळा चार मुलांची आई असलेली विवाहित बाई. समितीचा भर तिचा जीव वाचवण्यावर होता. कुटुंब नियोजनाला फायदा व्हावा म्हणून कायदा करा, असं तिने म्हटलं नव्हतं. पण लाल त्रिकोणाच्या त्या दिवसांत हा फायदा दिल्लीत कुणाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

1971 च्या ऑगस्टात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा मंजूर झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, विसापर्यंत दोघांचं. बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, गर्भात गंभीर व्यंग, बलात्कार, आणि विवाहितेच्या बाबतीत साधन फसणं, ही कारणं चालतील. नवऱ्याची सही लागत नाही. (आजही अनेक दवाखाने ती मागतात.) कायदा मूळ इंग्रजीत नीट वाचला तर एक गोष्ट डोळ्यात भरते: तो बाईला हक्क देत नाही, डॉक्टरला गुन्ह्यातून सूट देतो. गर्भ कोण, आणि त्याच्यावर अधिकार कुणाचा, हे दोन्ही प्रश्न टाळून तो पुढे जातो. अमेरिकेत दोनच वर्षांनी न्यायालयाने बाईचा घटनात्मक हक्क मान्य केला आणि पन्नास वर्षांचं युद्ध ओढवून घेतलं. आपल्याकडे मोर्चे निघाले नाहीत. कॅथलिक बिशपांचा विरोध होता, अहिंसेच्या भूमिकेतून जैन साधूंचाही. 1979 मध्ये नोबेल स्वीकारताना मदर तेरेसांनी गर्भपाताला शांततेचा सर्वांत मोठा शत्रू ठरवलं. बहुसंख्य समाज मात्र 'क्युरेटिंग करून घेतलं' एवढंच म्हणून मोकळा झाला. शब्द इंग्रजी घेतला की पाप हलकं होतं.

आणि मग अविज्ञात गर्भ विज्ञात झाला.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल परीक्षा सुरू झाली ती व्यंग शोधायला, पण तिच्यातून मुलगा की मुलगी हेही कळे. मुलाची वाट बघत मुली होऊ देण्यापेक्षा आधीच लिंग कळलेलं बरं, असं तिथल्या डॉक्टरांनी तेव्हा छापूनही टाकलं. दहा वर्षांत ही चाचणी मुंबईच्या उपनगरांत पोचली. राज्य सरकारने करवून घेतलेल्या 1986 च्या पाहणीत डॉ. संजीव कुलकर्णींना शहरातल्या 50 पैकी 42 स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपण ती करतो असं सांगितलं. स्त्रीसंघटना, डॉक्टर, वकील एकत्र आले, आणि 1988 मध्ये देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरी पेढे की बर्फी हे खुणेने सांगणं थांबलं नाही. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894, बीडमध्ये 807.

चळवळीतल्या अनेकींना तेव्हाच धोका दिसत होता. आपण चाचणीच्या विरोधात आहोत, गर्भपाताच्या नाही, हे त्या सांगत राहिल्या. 'हत्या' म्हणू नका, गर्भलिंगनिवड म्हणा, असं त्यांचं म्हणणं. पण 'निवड' या शब्दाचं पोस्टर होत नाही, 'हत्ये'चं होतं. सरकारी मोहिमांनी, कीर्तनकारांनी, गणपती मंडळांच्या देखाव्यांनी जुना शब्द उचलला. 2012 मध्ये परळीत एका बाईचा अशा गर्भपातात मृत्यू झाला, तेव्हा भ्रूणहत्येला खुनाचं 302 कलम लावा, असं राज्याचे मंत्रीच म्हणू लागले. छापे पडले. कायद्याने 2002 पासून मान्य असलेल्या गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच अनेक केमिस्टांनी बंद केलं. डॉक्टर बारा आठवड्यांनंतरची केस घ्यायला कचरू लागले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमधल्या गॉलवेत वारली. गर्भ वाचणार नाही हे कळूनही त्याचे ठोके चालू होते, म्हणून डॉक्टर थांबून राहिले आणि तिला जंतुसंसर्ग झाला. तिच्या मृत्यूने तो कॅथलिक देश हलला आणि 2018 च्या सार्वमतात 66 टक्के मतदारांनी जुनी बंदी उठवली. तिच्यासाठी इथे मेणबत्त्या पेटल्या, तेव्हा इथला वाद उलट दिशेने निघाला होता.

पुढचं बरंचसं कोर्टात घडलं. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हृदयदोष असलेल्या गर्भाच्या आईला विसाव्या आठवड्यापुढे परवानगी नाकारली; काही दिवसांत तिचा गर्भ आपोआप पडला. 2021 च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा चोविसावर नेली आणि 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आणला. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तीच मुदत दिली. तीनच महिन्यांपूर्वी अमेरिकेच्या न्यायालयाने तिथल्या बाईचा तो घटनात्मक हक्क पुसून टाकला होता.

वर्षभराने, ऑक्टोबर 2023 मध्ये, दोन मुलांची एक विवाहित आई त्याच न्यायालयापुढे आली. सव्वीस आठवडे झाले होते, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू होते. 9 तारखेला परवानगी मिळाली. मग एम्सच्या एका डॉक्टरने ईमेल करून विचारलं, की गर्भ जगण्याजोगा आहे, त्याचं हृदय आधी बंद करायचं का? परवानगी देणाऱ्या दोन न्यायमूर्तींचं एकमत मोडलं. सरकारी वकील न जन्मलेल्याच्या हक्कांबद्दल बोलू लागले. 1971 मध्ये टाळलेला प्रश्न त्या ईमेलमधून पुन्हा टेबलावर आला होता. 16 तारखेला तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. बाळंतपण एम्समध्ये व्हावं, खर्च सरकारने करावा, मूल ठेवायचं की दत्तक द्यायचं ते आईबापांनी ठरवावं, असं निकालात लिहिलं आहे.