पायथनमध्ये आपल्या प्लॅटफॉर्मला अधिकृत सपोर्ट हवा असेल तर

आपल्या बोर्डवर पायथन कंपाइल झालं, टेस्टही पास झाल्या, म्हणजे तो प्लॅटफॉर्म (प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीमची जोडी) अधिकृत यादीत आला असं होत नाही. सीपायथनचे, म्हणजे पायथनच्या मुख्य अधिकृत आवृत्तीचे, याबाबतचे नियम २००२ सालापासूनच्या ‘पेप ११’ या दस्तऐवजात आहेत (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा औपचारिक प्रस्ताव) आणि त्यात तीन टिअर, म्हणजे सपोर्टच्या पातळ्या आहेत; टिअर १ सर्वांत वरची. नव्याने येणाऱ्यांनी टिअर ३ पासून सुरुवात करावी, असं मला वाटतं.

टिअर ३ साठी दोनच अटी आहेत: भरवशाचा बिल्डबॉट (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारं मशीन) आणि त्या प्लॅटफॉर्मची जबाबदारी घेणारा किमान एक कोअर डेव्हलपर, म्हणजे पायथनच्या मूळ कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेला डेव्हलपर. टिअर २ ला असे दोन जण लागतात. शिवाय तिथे एखाद्या बदलाने बिल्ड मोडलं तर २४ तासांत दुरुस्ती करायची, नाहीतर तो बदल मागे घ्यायचा, आणि बिघाड राहिला तर रिलीज अडतं. टिअर ३ ला ना अशी मुदत, ना रिलीज थांबण्याचा प्रश्न. टिअर १ ची जबाबदारी मात्र सगळ्याच कोअर डेव्हलपरांवर असते.

आपण स्वतः कोअर डेव्हलपर नसाल तर? बिल्डबॉटसाठी मशीन देता येतं, ते अखंड चालू ठेवता येतं, नापास टेस्टचे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवता येतात. अशा कामातूनच एखादा कोअर डेव्हलपर आपलं नाव द्यायला तयार होतो. वापरणारे कितीही असोत, नाव देणारा माणूस नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घरोघरी, शाळाशाळांत पोचला, तरी रास्पबेरी पाय ओएसची ३२ बिट नोंद टिअर ३ मध्येच झाली.

कागदपत्रं म्हणाल तर मुख्य म्हणजे टार्गेट ट्रिपल, म्हणजे सीपीयू, व्हेंडर आणि ऑपरेटिंग सिस्टीम सांगणारं नाव. सोबत सी लायब्ररी आणि कंपायलर नेमके लिहा. उदाहरणार्थ, ग्लिबसी या सी लायब्ररीची नोंद मस्ल ही वेगळी सी लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सला लागू पडत नाही. मग बिल्डबॉटचा तपशील आणि संपर्कासाठी कोअर डेव्हलपरांची नावं. काम मोठं असेल तर स्वतंत्र पेप लिहावा. आयओएससाठी पेप ७३० आणि अँड्रॉइडसाठी पेप ७३८ असेच आले, आणि पायथन ३.१३ मध्ये दोन्ही टिअर ३ मध्ये दाखल झाले. मंजुरी पायथनचे अंतिम निर्णय घेणारी पाच सदस्यांची स्टीअरिंग कौन्सिल देते.

विंडोजचा हिशेब वेगळा आहे. तिथे मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेंडेड सपोर्टची मुदत पाहिली जाते. म्हणून ती मुदत संपलेल्या विंडोज ७ वर पायथन ३.९ चालत नाही.

यादीबाहेरच्या प्लॅटफॉर्मचा कोड देखभालीला जड झाला, तर तो पूर्वसूचनेशिवाय काढला जाऊ शकतो. आपले पॅच आधीच आत गेले असतील तर नोंदणीचं काम लांबवू नका.