कॉकर स्पॅनियलला घरी आंघोळ घालून आणू नये, ते का?

कॉकरला ग्रूमिंगसाठी आणण्यापूर्वी आंघोळ घालू नये, असे आम्ही फोनवर प्रत्येकाला सांगतो. तरीही ‘उद्या यायचे म्हणून आजच धुऊन ठेवला’ असे सांगणारे ग्राहक दर आठवड्याला भेटतात, म्हणून हे माहितीपत्रक.

कॉकर हा मूळचा इंग्लंडमधील शिकारी कुत्रा. दाट झुडपांत शिरून वुडकॉकसारखे पक्षी उठवायचे आणि बंदुकीने पाडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणायचा, हे त्याचे काम. पूर्वी एकाच वेतातील हलकी पिल्ले कॉकर, तर २५ पौंडांहून भारी निघालेली स्प्रिंगर (स्पॅनियलचाच मोठा प्रकार) म्हणून ओळखली जात. पुढे अमेरिकेत ठेंगणा, गोल डोक्याचा आणि अधिक केसाळ कॉकर घडत गेला, तेव्हा १९४६ साली तिथल्या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने इंग्लिश कॉकर ही स्वतंत्र जात मानली. रानात काम करणाऱ्या वंशावळीत केस आजही बेताचेच असतात. कान, छाती, पोट आणि पायांवरची लांब रेशमी झालर वाढली ती मुख्यतः श्वानप्रदर्शनांसाठी (शो) केलेल्या निवडीमुळे, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक कॉकर याच वंशाचे असतात.

गुंता होतो तो या झालरीत, विशेषतः कानांमागे, काखेत आणि गळ्यातील पट्ट्याखाली. वरून हात फिरवला तर सारे मऊ लागते, पण कंगवा कातडीपासून ओढून पाहिला की तो कानामागे अडतो. हा गुंता कोरडा असताना बोटांनी सैल करून सुटतो. तोच भिजवून टॉवेलने खसाखसा पुसला, तर केस घट्ट बसून जाड चकती तयार होते, तिच्याखाली शाम्पू आणि ओल अडकते आणि कातडी लाल होते. मग मशीनने केस उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि मशीननंतर कॉकरचे केस अनेकदा कापसासारखे येऊन अधिकच गुंततात.

गुंत्याचे वेगळे पैसे घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराज असतात. मात्र एकाने कुत्र्याला धरायचे, दुसऱ्याने कातडी चिमटीत धरून एकेक बट सोडवायची, यात निम्म्या ग्रूमिंगचा वेळ एका कानावर जातो. शिवाय कुत्रा कळवळू लागला की, मालकांचा आग्रह असला तरी, आम्ही थांबतो. कानाला वास किंवा स्राव असल्यास मात्र आधी पशुवैद्यांकडे जावे. आम्ही कानात औषध घालत नाही.

पहिल्या भेटीत कंगवा कसा चालवायचा हे आम्ही विनामूल्य दाखवतो, आणि योग्य दात्यांचा कंगवा काउंटरवर मिळतो. घरी एक दिवसाआड विंचरून दर चार ते सहा आठवड्यांनी येणाऱ्यांच्या बिलात गुंत्याची रक्कम सहसा लागत नाही.